आधी जबाबदारी, मग अभय : टेक्सासमधील परिचारिकांच्या हरकतीचा इतिहास

कायद्याचा इतिहास वाचताना एक प्रश्न मी नेहमी हाताशी ठेवतो : अमुक एका माणसावर जबाबदारी कोणत्या वर्षी आली आणि ती पार पाडण्यासाठी लागणारे संरक्षण त्याला कोणत्या वर्षी मिळाले? ही दोन वर्षे क्वचितच एक असतात. आजचा धागा अशाच एका अंतराविषयी आहे. "एवढे रुग्ण मी सुरक्षितपणे सांभाळू शकत नाही" असे म्हणण्याचा अधिकार रुग्णालयातील परिचारिकेला कायद्याने केव्हा दिला, कसा दिला आणि देताना काय हातचे राखून ठेवले, हा विषय. उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्याचे घेतले आहे. परिचारिकेची हरकत हा विषय तिथल्या कायद्याने जितक्या तपशिलात हाताळला आहे, तितका फार थोड्या ठिकाणी हाताळला गेला असेल. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम पेच नीट समजून घेऊ. परिचारिका रात्रपाळीला येते. दोन सहकारी गैरहजर आहेत, वॉर्ड भरलेला आहे आणि नेहमीपेक्षा दुप्पट रुग्ण तिच्या नावावर लावले जातात; किंवा तिने कधीही काम न केलेल्या अतिदक्षता विभागात तिला पाठवले जाते. तिच्यापुढे तीन वाटा असतात. काम नाकारले, तर आज्ञाभंग होतो आणि एकदा रुग्णांची जबाबदारी स्वीकारून मध्येच निघून गेली, तर "रुग्णांना वाऱ्यावर सोडले" या आरोपाखाली परवाना जाऊ शकतो. निमूटपणे काम स्वीकारले आणि रात्रीत काही बरेवाईट झाले, तर चौकशीत पहिले नाव तिचे निघते. वरिष्ठांच्याही वर तक्रार नेली, तर पुढच्या महिन्यात नोकरी राहील याची खात्री नसते. तिन्ही वाटा तिच्याच दारात येऊन संपतात. हा पेच मनुष्यबळाच्या टंचाईतून निर्माण होतो हे खरे. पण त्याला पेचाचे रूप येते ते कायद्यामुळे. कायद्याने तिला हा पेच कसा दिला, ते आधी पाहू.

आधुनिक परिचर्येचा जन्म आज्ञाधारकतेच्या पाळण्यात झाला. युरोपातील धर्मसंघ आणि लष्करी रुग्णालये हे तिचे दोन पूर्वज. 'सिस्टर' हे संबोधन पहिल्या पूर्वजाकडून आले, तर गणवेश, पदांची उतरंड आणि हुकूम मानण्याची सवय बव्हंशी दुसऱ्याकडून. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील एका परिचर्या विद्यालयासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने एक प्रतिज्ञा तयार करण्यात आली. (ती खुद्द नाइटिंगेलबाईंनी लिहिली, हा समज आजही ठिकठिकाणी आढळतो, तो चुकीचा आहे.) डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन त्या प्रतिज्ञेत होते. अवाजवी काम नाकारण्याविषयी अर्थातच काही नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकन रुग्णालयांतील वॉर्ड मुख्यतः शिकाऊ विद्यार्थिनींच्या श्रमांवर चालत. शिक्षण पूर्ण केलेल्या परिचारिका बहुधा श्रीमंतांच्या घरी जाऊन खासगी शुश्रूषा करीत. विद्यार्थिनी हरकत कोणाकडे घेणार? तिची शिक्षिका आणि तिची मालकीण एकच होती.

या व्यवस्थेत एक विचित्र सोयही होती. परिचारिका हुकमाची ताबेदार असल्यामुळे चुकीचा दोषही हुकूम देणाऱ्याकडे जाई. न्यायालयांनी ही सोय हळूहळू काढून घेतली. त्यातील दोन निकाल इथे महत्त्वाचे आहेत.

पहिला इलिनॉय राज्यातला. नोव्हेंबर १९६० मध्ये अठरा वर्षांच्या एका महाविद्यालयीन खेळाडूचा पाय फुटबॉलच्या सामन्यात मोडला. चार्ल्सटन गावातील रुग्णालयात त्याच्या पायाला प्लास्टर घातले गेले. बोटे सुजली, काळवंडली, थंड पडली, संवेदना गेली. मुलगा वेदनेने तळमळत होता. अखेरीस दुसऱ्या रुग्णालयात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. 'डार्लिंग विरुद्ध चार्ल्सटन कम्युनिटी मेमोरियल हॉस्पिटल' या नावाने गाजलेल्या या खटल्यात १९६५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला थेट जबाबदार धरले. रुग्णालयांच्या उत्तरदायित्वाचा प्रारंभ म्हणून विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो. मला त्यातील एक दुय्यम वाटणारा भाग अधिक लक्षणीय वाटतो. रक्ताभिसरण थांबत चालल्याची लक्षणे ओळखता येतील अशा प्रशिक्षित परिचारिका खाटेपाशी पुरेशा संख्येने असायला हव्या होत्या, हा मुद्दा न्यायालयाने ग्राह्य मानला. आणि पुढे असेही म्हटले की, ती लक्षणे डॉक्टरांच्या कानी घालणे आणि डॉक्टरांनी काही केले नाही तर रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांपर्यंत जाणे, हे परिचारिकांचे कर्तव्य ठरते. म्हणजे 'पुरेशी संख्या' आणि 'वरपर्यंत बोलण्याचे कर्तव्य' या दोन्ही गोष्टी १९६५ मध्ये एकाच निकालात शेजारी शेजारी उभ्या होत्या. मात्र वरपर्यंत बोलणाऱ्या परिचारिकेला उद्या नोकरीवरून काढले तर काय, हा प्रश्न त्या खटल्यात कोणी विचारला नव्हता.

दुसरा निकाल खुद्द टेक्सासचा, १९८३ सालचा. छातीत दुखत असलेला, डावा हात बधिर झालेला एक माणूस राज्याच्या दक्षिण टोकाकडील एका लहान सरकारी रुग्णालयात आला. डॉक्टरांनी परिचारिकेला सांगितले की, त्याला सुमारे २४ मैलांवरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवा. दुखणे हृदयाचे असावे, असा संशय तिला आला होता. तरीही रक्तदाब वा नाडी न तपासता तिने त्याला रवाना केले. सोबतच्या व्यक्तीला गाडी वेगाने हाकायला सांगितले आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास देता येतो का, हेही विचारून घेतले. काही मैलांवरच तो माणूस गेला. राज्याच्या परिचर्या मंडळाने तिचा परवाना एका वर्षासाठी निलंबित केला. ती न्यायालयात गेली. तिचा बचाव अगदी जुन्या वळणाचा होता : मी डॉक्टरांचा हुकूम पाळला. ऑस्टिन येथील अपील न्यायालयाने तो बचाव फेटाळला. राज्याने परवाना दिलेल्या परिचारिकेचे रुग्णाप्रती स्वतःचे, स्वतंत्र कर्तव्य असते आणि डॉक्टरांच्या आज्ञेने किंवा रुग्णालयाच्या धोरणाने ते संपत नाही, असा तो निर्णय. टेक्सासमधील परिचर्येच्या विद्यार्थ्यांना 'लन्सफर्ड खटला' म्हणून तो आजही अभ्यासावा लागतो.

मी या निकालाच्या विरुद्ध नाही. "वरून हुकूम होता" ही सबब एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या इतिहासात इतक्या भयंकर जागी वापरली गेली आहे की, ती नाकारणारा प्रत्येक निकाल मला स्वागतार्ह वाटतो. परंतु या निकालाचा हिशेब पुढे मांडून पाहा. हुकूम हा बचाव नाही, असे कायद्याने ठरवले. मग चुकीचा हुकूम न पाळण्याची मुभाही कायद्याने द्यायला हवी. ती दिली नाही, तर त्याने परिचारिकेच्या पाठीवर एकाच्या जागी दोन धनी बसवले एवढेच. रुग्णालयाचे ऐकले तर मंडळ शिक्षा करणार, मंडळाचे ऐकले तर रुग्णालय. १९८३ नंतर टेक्सासमधील परिचारिका नेमक्या या स्थितीत होत्या.

ही स्थिती मराठी वाचकाला परकी वाटू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. पुढच्या महिन्यात निष्काळजीपणाचा गुन्हा दोन परिचारिकांवर नोंदवला गेला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले आणि काही दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. त्या रात्री आणि त्या दिवशी नेमके कोणाचे काय चुकले, हे ठरवण्याचे काम न्यायालयांचे आहे. मी त्यात शिरत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की, दुर्घटनेनंतर फौजदारी कायद्याला खाटेजवळची परिचारिका चटकन सापडते. दुर्घटनेआधी तिला काही म्हणायचे असले, तर ते कुठे लिहायचे याची सोय मात्र कायद्यात सापडत नाही. २०२३ मध्ये संसदेने १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बाजूला ठेवून राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा केला. त्याचा रोख शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचरणावर आहे. "हे काम मला असुरक्षित वाटते" असे काम सुरू होण्याआधी लिहून देण्याची आणि त्या लिखाणाला अभय देण्याची तरतूद त्यात नाही.

पुन्हा टेक्सासकडे. कोणी विचारेल, संघटना काय करीत होत्या? अमेरिकेतील परिचारिकांची एक जुनी राष्ट्रीय संघटना, अमेरिकन नर्सेस असोसिएशन, हिने १९४६ मध्ये वेतन आणि कामाच्या अटींसाठी सामूहिक वाटाघाटींचा कार्यक्रम स्वीकारला खरा, पण १९५० मध्ये संप न करण्याची शपथही घेतली. ती थेट १९६८ मध्ये मागे घेतली. दरम्यान १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने ना-नफा तत्त्वावरील रुग्णालयांना कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर काढले होते. १९७४ मध्ये ती रुग्णालये पुन्हा कक्षेत आली, मात्र संपापूर्वी दहा दिवसांची नोटीस देण्याची अट घालून. दहा दिवस! आज रात्री वॉर्डात कमी पडणाऱ्या दोन माणसांसाठी हे हत्यार निरुपयोगी आहे, हे सांगायला नको. जिथे संघटना बळकट होत्या, तिथे 'हरकत नोंदवून काम स्वीकारले' अशा आशयाचे छापील नमुने रूढ झाले. परिचारिका तो नमुना भरून एक प्रत वरिष्ठांना आणि एक संघटनेला देते. टेक्सास हे मात्र संघटनांचे राज्य नव्हे. तिथे बहुतेक सरकारी नोकरांच्या सामूहिक करारांना आणि संपांना कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे जे संरक्षण अन्यत्र करारातून मिळू शकत होते, ते टेक्सासमधील परिचारिकांना विधिमंडळातूनच मिळवावे लागले. दुर्बलांना कधी कधी लांबची वाट पक्क्या रस्त्याने घेऊन जाते. करार संपतो, अधिनियम टिकतो.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सासमध्ये परिचारिकांच्या वर्तनाची चौकशी प्रथम त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या समितीने करावी, ही पद्धत कायद्यात आली. तोवरचा हेतू चुकणाऱ्या परिचारिकेला पकडण्याचाच होता. १९९०च्या दशकात त्याच यंत्रणेचे तोंड फिरवण्यात आले. परिचारिकेविरुद्ध बसणारी समिती आता परिचारिकेच्या विनंतीवरून, तिला दिलेल्या कामाविषयी बसू लागली. या तरतुदीचे नाव 'सेफ हार्बर', शब्दशः सुरक्षित बंदर.

हे नाव वाचले की मला मराठेशाहीच्या कागदांतील 'कौल' आठवतो. दुष्काळाने वा स्वारीने उठून गेलेल्या रयतेला परत बोलावताना, नवी पेठ वसवताना, दूरच्या व्यापाऱ्याला बंदरात आणताना सरकार कौलनामा देत असे : तुम्ही यावे, उदीम करावा, अमुक मुदतीपर्यंत तुम्हांस उपसर्ग लागणार नाही. त्यात सद्भावनेचा भाग असेलही. पण मुळात तो व्यवहार होता. रयत नांगर धरणार नसेल तर सारा कुठून येणार? म्हणून आधी अभय, मग अपेक्षा. सेफ हार्बर हा त्याच जातीचा कागद आहे. फरक इतकाच की, टेक्सासमध्ये क्रम उलटा झाला. अपेक्षा १९८३ मध्ये न्यायालयाने लादली आणि कौल यायला पुढे आणखी बरीच वर्षे जावी लागली.

त्याचे कार्य कसे चालते, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण सारी खुबी वेळेत आहे. दिलेले काम स्वीकारले तर रुग्णाप्रती असलेले आपले कर्तव्य मोडेल, असे परिचारिकेला प्रामाणिकपणे वाटले, तर तिने काम सुरू करण्यापूर्वी वरिष्ठांना तसे लेखी कळवायचे. पाळीच्या मध्यात परिस्थिती बदलली, म्हणजे नवे रुग्ण वाढले किंवा एखादा सहकारी दुसऱ्या वॉर्डात हलवला गेला, तर त्या क्षणीही कळवता येते. त्यासाठी लहानसा नमुना आहे : नाव, तारीख, वेळ, ठिकाण, कोणी काम सोपवले, हरकत काय. सविस्तर निवेदन पाळी संपवून घरी जाण्यापूर्वी द्यायचे. त्यानंतर समितीने चौदा दिवसांत ठरवायचे की, परिचारिकेची शंका रास्त होती की नव्हती. समितीवर परिचारिकांचे बहुमत असते आणि त्या परिचारिकेच्या बढती-बडतर्फीचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो तिथे बसू शकत नाही. निर्णय तिला कळवल्यानंतर ४८ तासांपर्यंत त्या कामाच्या संदर्भात तिच्यावर ना रुग्णालय शिस्तभंगाची कारवाई करू शकते, ना मंडळ परवान्याला हात लावू शकते. सूड म्हणून तिला काढले, तर ती नुकसानभरपाई मागू शकते आणि विनंतीनंतर साठ दिवसांच्या आत झालेली प्रतिकूल कारवाई सूडाचीच आहे, असे कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. कामगाराच्या बाजूने असे गृहीतक ठेवणे ही साधी गोष्ट नाही. 'तुम्हीच सिद्ध करा' या तीन शब्दांपाशी किती फिर्यादी मरतात, हे न्यायालयांची जुनी दप्तरे चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता हातचे राखलेले. सेफ हार्बर मागितले म्हणजे काम नाकारता येते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. बहुतेक वेळा परिचारिका हरकत नोंदवते आणि कामही करते. नाकारण्याची मुभा मोजक्या प्रसंगी आहे : त्या कामाचे मूलभूत ज्ञान वा कौशल्यच तिच्याकडे नसेल आणि त्यामुळे रुग्णाला नाहक धोका पोचेल, किंवा ते काम करणे हाच गुन्हा वा व्यावसायिक गैरवर्तन ठरत असेल तेव्हा. समितीचे मत रुग्णालयाच्या परिचर्या-प्रमुखावर पूर्णतः बंधनकारक नाही. ते चुकले आहे असे प्रामाणिकपणे वाटल्यास प्रमुख वेगळा निर्णय घेऊ शकतो. ठरावीक संख्येपेक्षा कमी परिचारिका असलेल्या लहान आस्थापनांना समिती नेमण्याचे बंधनच नाही. म्हणजे जिथे एका परिचारिकेवर सर्वाधिक भार पडतो, तिथेच बंदर नसते. आणि सर्वात मोठी उणीव ही की, या सगळ्या कागदाने त्या रात्री वॉर्डात एकही हात वाढत नाही. परिचारिकेचा परवाना वाचतो. रुग्ण तेवढेच राहतात.

इथे रुग्णालय-व्यवस्थापनाचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे, कारण ते निव्वळ दुष्टपणाचे नाही. आजारपणे सांगून येत नाहीत, परिचारिकाही आजारी पडतात, आणि प्रत्येकीने प्रत्येक कठीण पाळीला हरकत घेतली तर रुग्णाला कोण पाहणार? हा युक्तिवाद मला मान्य होत नाही तो एका कारणासाठी. एखाद्या वॉर्डातून वर्षात दोन हरकती आल्या, तर ती आकस्मिक अडचण. दर आठवड्याला येत असतील, तर ती टंचाई आकस्मिक नसून अंदाजपत्रकात लिहिलेली आहे. हा भेद दाखवून देणारे दुसरे साधन रुग्णालयात नाही. हजेरीपट रिकाम्या जागा दाखवील; त्या जागांमुळे पहाटे तीन वाजता काय करायचे राहून गेले, ते दाखवणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या कागदाकडे मी जरा लोभानेही पाहतो. रुग्णालयांच्या दप्तरात डॉक्टर सर्वत्र असतात, आश्रयदाते असतात, इमारतींचे खर्च असतात. परिचारिका वेतनपटात असते आणि शिस्तभंगाच्या प्रकरणात असते. म्हणजे तिला पैसे दिले तेव्हा आणि तिचे चुकले तेव्हा. "आज या वॉर्डात असे घडते आहे आणि ते धोक्याचे आहे" हे तिच्याच हस्ताक्षरात, त्याच रात्री, वेळ घालून लिहिलेले साधन फार दुर्मीळ. सेफ हार्बरच्या नमुन्यांनी अशी साधने निर्माण केली. दैव असे की, व्यवसायबंधूंच्या समितीचे कामकाज कायद्याने गोपनीय आहे. त्या गोपनीयतेचे कारण रास्त आहे. मोकळेपणाने बोलता यावे म्हणून ती ठेवली. परंतु परिणाम असा की, हजारो रात्रींचा हा वृत्तांत सार्वजनिक अभिलेखागारात येत नाही. ज्या टंचाईला जाहीर व्हायला हवे होते, ती कपाटात सुरक्षित राहते.

कॅलिफोर्निया राज्याने दुसरी वाट धरली. १९९९ मध्ये तिथे कायदा झाला आणि जानेवारी २००४ पासून प्रत्येक विभागात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रुग्ण, याचे आकडे लागू झाले : अतिदक्षता विभागात दोन, सर्वसाधारण वॉर्डात आधी सहा आणि २००५ पासून पाच. तत्कालीन गव्हर्नर, म्हणजे आपल्याला चित्रपटांमुळे ठाऊक असलेले आर्नोल्ड श्वार्झनेगर, यांनी सहाचे पाच होणे लांबणीवर टाकण्याचा प्रयत्न केला. परिचारिकांची संघटना न्यायालयात गेली आणि जिंकली. वादविवादात बहुधा विचारले जाते की, टेक्सासची हरकत बरी की कॅलिफोर्नियाचा आकडा? माझा कल आकड्याकडे आहे. हरकत ही एकेकट्या परिचारिकेच्या धैर्यावर चालते आणि धैर्य हे रोजच्या पाळीचे साधन असू नये. तरीही आकड्याने हरकतीची गरज संपत नाही. पाच रुग्णांपैकी दोन एकाच वेळी अत्यवस्थ झाले, हे आकड्याला दिसत नाही. ते तिथे उभ्या असलेल्या परिचारिकेलाच दिसते.

धैर्याची किंमत किती असू शकते, याचा दाखला खुद्द टेक्सासनेच दिला, तोही कायदा झाल्यावर. पश्चिम टेक्सासमध्ये केर्मिट नावाचे तेलविहिरींच्या प्रदेशातील एक छोटे गाव आहे. तिथल्या विंकलर काउंटी मेमोरियल हॉस्पिटलमध्ये अॅन मिचेल आणि विकिलिन गॅले या दोन परिचारिका कित्येक वर्षे नोकरीत होत्या. रुग्णसेवेचा दर्जा आणि नियमपालन पाहणे हेच त्यांचे काम. एका डॉक्टरच्या उपचारपद्धतीविषयी त्यांना गंभीर शंका होत्या. रुग्णालयात सांगून उपयोग झाला नाही, म्हणून एप्रिल २००९ मध्ये त्यांनी राज्याच्या वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र पाठवले. पत्रात रुग्णांची नावे नव्हती, केवळ नोंदक्रमांक होते.

डॉक्टरने गावच्या शेरीफकडे धाव घेतली. शेरीफ त्याचा मित्र आणि कृतज्ञ रुग्ण. त्याने पत्राचा लेखक शोधण्यासाठी चक्क झडतीचे वॉरंट मिळवले, परिचारिकांच्या संगणकातून पत्र काढले आणि जूनमध्ये दोघींवर 'शासकीय माहितीचा गैरवापर' हा गुन्हा दाखल झाला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची. नोकरी गेलीच होती. लक्षात घ्या, परिचारिकेने तक्रार केली म्हणून तिच्यावर सूड उगवू नये, असे सांगणारा कायदा त्या वेळी राज्यात होता. पण तो मालकाला उद्देशून होता. सूड घेण्यासाठी सरकारी वकील आणि शेरीफ पुढे येतील, अशी कल्पना विधिमंडळाने केली नव्हती.

गॅले यांच्यावरील आरोप खटल्याच्या तोंडावर मागे घेण्यात आला. मिचेल यांचा खटला फेब्रुवारी २०१० मध्ये शेजारच्या अँड्र्यूज काउंटीत चालला. टेक्सास नर्सेस असोसिएशनने उभारलेल्या बचावनिधीत देशभरातील परिचारिकांनी पैसे पाठवले. ज्यूरीला निर्णयासाठी एक तासही लागला नाही : निर्दोष. त्याच वर्षी दोघींना दिवाणी दाव्याच्या तडजोडीत साडेसात लाख डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी शेरीफ आणि काउंटीचा वकील दोषी ठरले, शेरीफ तुरुंगात गेला, डॉक्टरने गुन्हा कबूल करून परवाना सोडला. आपल्या कथापरंपरेत शोभावा असा हा शेवट. मला मात्र त्याचा फारसा दिलासा वाटत नाही. मधले आठ महिने त्या दोघी आरोपी होत्या, त्यांच्याच गावात. तेवढा काळ शेजारच्या काउंटीतील किती परिचारिकांनी हातातले पत्र फाडून टाकले असेल, याची नोंद कुठल्याही निकालपत्रात नसते.

विधिमंडळाने मात्र धडा घेतला, आणि तोही बऱ्यापैकी नेमका. २०११ च्या दुरुस्तीने सद्भावनेने तक्रार करणाऱ्या परिचारिकेला फौजदारी कारवाईपासूनही अभय मिळाले. २००९ मध्येच रुग्णालयांना परिचारिकांच्या नियोजनासाठी समिती नेमणे बंधनकारक झाले होते आणि सक्तीच्या जादा पाळीला मनाई झाली होती.

शेवटची दुरुस्ती छोटी आहे, पण मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. मूळ कायद्यात हरकत लेखी हवी होती. ज्या परिचारिकेला रुग्णांसाठी हात अपुरे पडत आहेत, तिने आधी नमुना शोधून तो भरावा, अशी ती अट. रुग्ण धापा टाकतो आहे आणि सिस्टर अर्ज लिहिते आहे! २०१९ मध्ये विधिमंडळाने ती बदलली. रुग्णाची तातडी असेल, तर परिचारिकेने तोंडी सांगितले तरी पुरते. तिचे म्हणणे मग कागदावर उतरवण्याचे काम तिच्या वरिष्ठाचे. तारीख, वेळ, ठिकाण, हरकत, हे सारे त्याने स्वतः लिहायचे आणि त्याखाली दोघांनी सही करायची.